जोडीची बरणी

मिस युलाली कुणाच्याही घरी गेली की यजमानिणीला ‘कशी आहेस’ विचारायच्या आधी शेल्फवरची फुलदाणी उचलायची, उलटी करायची आणि बुडाखाली बोट फिरवायची. बूड सलग लागलं तर युलालीचा चेहरा फुलायचा. भोक लागलं तर फुलदाणी जिथल्या तिथे ठेवून म्हणायची, “मेलेली आहे.” मग निवांत चहा आणि चिकन सॅलडचं सँडविच. तिला बोलावलं की बायका आपल्या मेलेल्या फुलदाण्या कपाटात लपवायच्या. मीही लपवल्यात.

आमच्या अलाबामातल्या मोबील शहरात अशी भोकं घरोघरी आहेत. निळी-पांढरी बरणी नजरेत भरली की तिच्या बुडाला भोक पाडायचं, आतून तार ओवायची, वर शेड चढवायची, झाला दिवा. माझ्या वडिलांनी ह्याच धंद्यावर आम्हाला वाढवलं आणि त्यांच्या मागे दिव्यांचं दुकान मी चालवलं. म्हणजे युलालीच्या लेखी मी खाटीक. तरी दर शनिवारी ती माझ्याच दुकानात येऊन बसायची. एवढं बोलणं ऐकून घेणारं दुसरं होतंच कोण तिला?

शाळेच्या ऑफिसात ती कारकून होती. लग्न केलं नाही. घर इतकंसं, आणि त्यात काय काय भरलेलं! काळ्या लाखेचं लिहायचं कपाट, त्यावर सोनेरी रंगात बगळे आणि छत्रीवाल्या बायका. बांबूसारख्या दिसणाऱ्या, पण बांबूच्या नसलेल्या खुर्च्या. व्हरांड्यात चिनी मातीची सहा कोनी स्टुलं, त्यांवर बसायची मात्र कुणाची टाप नाही. आणि बरण्या. खऱ्या चिनी वस्तूंचं तिला फार कौतुक नव्हतं. चीन कधी न पाहिलेल्या युरोपातल्या कारागिरांनी मनानेच जो चीन रंगवला, तो तिला आवडायचा. कुठे पूल नदीच्या एकाच काठाला टेकलेला, कुठे झाडापेक्षा चिमणी मोठी. “चीनचा माणूस हे बघून पोट धरून हसेल,” असं मी म्हटलं की ती म्हणायची, “हसू दे. मला तिथे राहायला जायचंय, त्याला नाही.”

वादळाची सूचना आली की सगळं गाव बाथटबमध्ये पाणी भरून ठेवतं. ही बाई बाथटबमध्ये गोधड्या अंथरून बरण्या निजवायची आणि पाण्यासाठी शेजाऱ्यांच्या दारात उभी राहायची. ते दिवस आठवले की अजून हसू येतं मला.

ह्या सगळ्या वेडाची सुरुवात झाली ती तिच्या आईच्या दोन बरण्यांपासून. झाकणाच्या, जोडीच्या. आईच्या दिवाणखान्यात घड्याळाच्या दोन बाजूंना असायच्या. एकीवर पुलावरून डावीकडून येणारा माणूस, दुसरीवर उजवीकडून येणारा. शेजारी शेजारी ठेवल्या की दोघं एकमेकांना भेटायला निघालेत असं वाटायचं. युलाली आणि तिची धाकटी बहीण ऑगस्टा, म्हणजे आमची गसी, दोघी लहानपणी त्यांच्यासमोर बसून ते दोघं काय बोलत असतील ह्याच्या गोष्टी रचायच्या. आई गेली तेव्हा दोघींनी एकेक बरणी घेतली. पण जोड तुटू द्यायची नाही असं ठरलं. दर नाताळला एकीची बरणी दुसरीच्या घरी पाहुणी जायची. युलाली ती गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, टॅक्सीवाल्याला “हळू रे बाबा, हळू” करत न्यायची.

आणि मग तो नाताळ आला. गसीच्या घरी युलाली आत शिरली तर कोपऱ्यातल्या टेबलावर आईची बरणी, तिच्या डोक्यावर रेशमी शेड आणि बुडातून निघालेली वायर भिंतीपर्यंत गेलेली. घर सजवणाऱ्या कुणा बाईने सुचवलं आणि गसीने परगावाहून करून आणलं. माझ्या दुकानात आणलं असतं तर मी बातमी फोडेन, हे तिला ठाऊक होतं. मी त्या दिवशी तिथेच होते, हातात हॅमची थाळी घेऊन.

“गसी, हे काय केलंस?” युलाली म्हणाली. “आईची बरणी.”

“दिवा केला,” गसी म्हणाली. “उजेड नको?”

युलालीने हातातली गोधडी सोडलीच नाही. जशी आली तशी बरणी पोटाशी धरून परत गेली, आणि दोघी बहिणींचा अबोला सुरू झाला.

काय अबोला होता म्हणून सांगू! एकच चर्च, पण ही खिडकीकडच्या बाकावर, ती खांबाकडच्या. निरोप सगळे माझ्यामार्फत. “रोएना, तिला सांग छपराला गळती लागलीय, बघून घे म्हणावं.” “रोएना, तिला सांग माझ्या छपराची काळजी करू नकोस.” गसीचा नवरा वारला तेव्हा युलालीने नाव न घालता मक्याच्या पुडिंगचं भांडं पाठवलं. गसीने ते घासूनपुसून, नाव न घालता, माझ्याच हाती परत दिलं. त्यात लिंबाची बिस्किटं होती. मी दोघींनाही म्हटलं, बायांनो, मी पोस्टमन आहे का? पण मनातून मला बरं वाटायचं. भांडी जातायत-येतायत तोवर आशा होती.

युलाली पुढे जोड शोधत फिरली. आपल्या बरणीला उजवीकडून येणारा माणूस हवा, म्हणून शहरात कुणाचं घर रिकामं होत असलं की ही दारात हजर. तसलीच बरणी कधी मिळाली नाही. खरं सांगू, मिळाली असती तरी तिने नाक मुरडलं असतं. तिला बरणी हवी नव्हती, गसी हवी होती. पण हे तिला सांगणार कोण? मी सांगितलं, तर पुढचे तीन शनिवार दुकानात फिरकली नाही.

मग गसीचा खुबा मोडला. अटलांटातल्या मुलाने तिला वृद्धाश्रमात ठेवलं आणि घरातलं सामान विकायला काढलं. शनिवारी सकाळी व्हरांड्यापासून रस्त्यापर्यंत रांग. युलाली रांगेत उभी, रविवारचे कपडे घालून, हातात पर्स घट्ट. बहीण आहेस, सरळ आत जा, म्हणून लोक बाजूला झाले. ती म्हणाली, “मी गिऱ्हाईक आहे.” मी शेजारी उभी राहिले, तिचा हात धरला तर झिडकारेल म्हणून धरला नाही.

आत शिरलो तर बाहेरगावचा एक व्यापारी आधीच त्या कोपऱ्यात पोचलेला. त्याने शेड काढली, बरणी उलटी केली, बुडाखाली बोट फिरवलं. अगदी युलालीसारखं. आणि तोंड वाकडं करून आपल्या सोबत्याला म्हणाला, “मेलेली आहे.”

मला वाटलं, ही मान डोलावणार. हिचेच शब्द होते ते. पण युलाली तरातरा पुढे गेली आणि त्याच्या हातातून बरणी अक्षरशः हिसकावून घेतली.

“मेली नाहीये ती,” ती म्हणाली. “दिवा आहे. माझी बहीण रोज लावत होती.”

तिने दिव्याचे पैसे मोजले. रोज लावत होती हे तिला कसं ठाऊक, असं मी परतताना विचारलं. ती गाडीच्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, “संध्याकाळी त्या रस्त्याने जायचे ना मी.” तो रस्ता तिच्या घराच्या वाटेवर अजिबात नव्हता.

सोमवारी ती दुकानात आली. हातात गोधडी, गोधडीत तिची बरणी, डावीकडून येणाऱ्या माणसाची. ओरखडासुद्धा नसलेली.

“हिला भोक पाड,” म्हणाली.

मी चक्क नाही म्हटलं. म्हटलं, मिस युलाली, तुम्ही घरी जा, सरबत प्या, डोकं शांत करा. आयुष्यभर मला खाटीक म्हणालात, आता हे पाप माझ्या हातून करवू नका. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, “एकीला भोक आहे आणि एकीला नाही, ह्याला जोडी म्हणतात का? तू दिवेवाली ना? सांग.”

मी कामाला लागले. बरणी उपडी ठेवली, बुडावर पुट्टीचं आळं केलं, तापून तडा जाऊ नये म्हणून त्यात पाणी ओतलं आणि धीम्या गतीने ड्रिल लावलं. पाणी दुधासारखं पांढरं होत गेलं. ती उठून गेली नाही. माझ्या खांद्याला धरून शेवटपर्यंत उभी होती आणि तिची बोटं माझ्या खांद्यात रुतत होती.

वृद्धाश्रमात एक दिवा तिने नेला, एक मी. गसी खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसली होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मी टेबलावरची औषधं सरकवून दोन्ही दिवे शेजारी ठेवले. पुलावरचे दोघं पुन्हा एकमेकांकडे निघाले.

गसीने आपला दिवा ओळखला. मग दुसऱ्याकडे बघितलं, हात पुढे केला. मी तो तिच्या मांडीवर आडवा धरला. तिने बुडाखाली बोट नेलं, वायर जिथून निघते तिथे ते थांबलं, आणि तिचा चेहरा बघवेना.

“ताई, हे काय केलंस?” ती म्हणाली. “आईची बरणी.”

“दिवा केला,” युलाली म्हणाली. “उजेड नको?”

गसी आधी रडली, मग हसली, मग युलालीला म्हणाली की शेड फार मोठी घेतलीस, तुला कधी शेडमधलं कळलं नाही. युलाली म्हणाली, शेड रोएनाने निवडली. दोघी मिळून माझ्यावर घसरल्या. मला त्या क्षणी काहीही बोलल्या असत्या तरी चाललं असतं.

दिवे लावायला गेले तर भिंतीत प्लगची एकच जागा रिकामी होती. मी गाडीतून दोन प्लग बसतील अशी लांब वायर आणायला खाली उतरले. परत आले तेव्हा चांगलंच अंधारून आलं होतं आणि एक दिवा तरी त्यांना लावता आला असता. पण दोघी तशाच अंधारात बसल्या होत्या, दुसऱ्याची वाट बघत.