अंगठ्यानं निवडलेले फोटो

भुताखेतांवर, करणीवर, अंगात येण्यावर मी कधीच विश्वास ठेवला नाही. माझा विश्वास एकाच गोष्टीवर होता – माझ्या स्वतःच्या शहाणपणावर. विसाव्या वर्षी तर तो इतका दांडगा होता की त्या वेळच्या शालनला आज समोर बसवून दोन टपल्या माराव्याशा वाटतात. तेव्हा पुढचं वाचताना हसलात तरी चालेल... पण घडलं ते असं.

गाव सणसर, तालुका इंदापूर. मागच्या गळीत हंगामातला शनिवार, दुपारी तीनचा सुमार. बारामतीला उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोनच दिवस झाले होते. तो डोळा झाकलेला, आणि डाव्यातला मोतीबिंदू अजून जागेवरच. उजेड कुठून येतो तेवढं कळायचं, बाकी सगळं ताकासारखं.

डोळ्यात औषध घालायला माझी नात तेजू पुण्याहून आली होती. ती तिथं मेंदूतल्या गाठींवर पीएच.डी. करते. चार वर्षं झाली. सोमवारी तिला तिच्या सरांकडे शेवटचा तक्ता द्यायचा होता, आणि त्या तक्त्यात काहीतरी बसत नव्हतं. पोरगी जेवतानासुद्धा नंबर पुटपुटायची.

"म्हंजी नेमकं करतीस काय गं तू तितं?" मी विचारलं.

"आजी, मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांमधून निरोप पाठवतात. तो निरोप पकडायला पेशीवर रिसेप्टर असतात. दाराला कुलूप असतं ना, ठरलेली किल्लीच लागते, तसं समज."

"बरं."

"गाठीतल्या पेशींवर पण हे रिसेप्टर असतात. गाठ मेंदूचे निरोप ऐकते. काही निरोपांनी वाढते, काहींनी दबते. कुठले रिसेप्टर किती आहेत आणि तो पेशंट पुढं किती जगला, याचा मेळ लागतो का ते मी बघते."

"चोरून ऐकणारी भाडेकरीण हाय म्हण की."

"अगदी तशीच."

हे 'भाडेकरीण' मी नंतर दूधवाल्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना ऐकवलं. घरात अशी नात असल्यावर माणसानं गप्प का बसावं?

तर कॉटवर तिचे दोन डझन फोटो पडले होते. गाठीचा पातळ काप काचेवर घेऊन काढलेले, म्हणे. रिसेप्टर असतील तिथं तपकिरी ठिपके. मागं फक्त नंबर, नावगाव काही नाही. मला ते ठिपके दिसायचा प्रश्नच नव्हता. कागद तेवढा हाताला लागला, गुळगुळीत. आणि मला सासूबाईंची नक्कल करायची हुक्की आली.

सासूबाई म्हणजे आत्याबाई. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनला त्यांचा ठाम नकार. तरी ऊस लावायच्या वेळी बेणं, म्हणजे लावायच्या कांड्या, निवडायला त्याच बसायच्या. उसाच्या कांडीवर जिथनं कोंब फुटतो तो डोळा असतो, त्याच्यावरनं अंगठा फिरवायच्या आणि म्हणायच्या, "ही बोलती... ही मुकी, टाक तिकडं." मी तेव्हा वीस वर्षांची, सायन्स घेऊन मॅट्रिक झालेली. सगळ्या बायकांसमोर विचारलं, "आत्याबाई, डॉक्टरची नळी आणून देऊ का कांडीला लावायला?" बायका हसल्या. आत्याबाईंनी पुढची कांडी उचलली.

मग मी शहाणीनं काय केलं, त्यांनी टाकलेल्या कांड्या गोळा करून कडेची एक आख्खी सरी लावली. म्हटलं, उगवली की दाखवते हिला. एक कोंब आला नाही. कुणाच्या नजरेस पडायच्या आत दुसरीकडची रोपं आणून मी गुपचूप सगळ्या नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरल्या. महिन्यानं आत्याबाई त्या सरीतनं पानं चाचपत गेल्या.

"हितली पानं धाकटी लागत्यात गं, शाले."

"पाणी कमी बसलं आसंल," मी म्हणाले. विषय संपला.

तर त्या शनिवारी तेजू हसावी म्हणून मी मांडी घातली, आवाज आत्याबाईंसारखा घोगरा केला आणि फोटोंवरनं अंगठा फिरवायला लागले. "ही बोलती... ही मुकी, टाक तिकडं." चौथ्या-पाचव्या फोटोला माझंच हसू थांबलं. कसं सांगू... उसाचा जिवंत डोळा अंगठ्याला खालून जरा उचलून धरतो, तसं काहीतरी त्या गुळगुळीत कागदाखाली लागत होतं. काही फोटोंना होतं, काहींना नव्हतं. बोलत्यांचा आणि मुक्यांचा असे दोन ढीग केले आणि हात काढून घेतला.

तेजूनं गंमत म्हणून ढीग उलटे केले, लॅपटॉपवर नंबर ताडायला लागली. शेवटाला आली आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला, तो पार लांब जाईपर्यंत तिचं तिसऱ्यांदा ताडून झालं होतं.

"आजी, तुला दिसतंय का गं? ही किती बोटं?"

"चार."

"मी हात वर केलाच नाहीये."

"मग कशाला इचारतीस?"

"तू बोलत्या म्हणालीस ते पेशंट जास्त जगलेत. मुक्या म्हणालीस ते लवकर गेले. दोन सोडून सगळे जुळतात."

"दोन चुकलं व्हय?" मला तेवढंच लागलं.

"एक या ढिगातला, एक त्या..." ती मध्येच थांबली. "आजी, हे दोन नंबर शेजारशेजारचे आहेत."

माझ्या डोळ्यातल्या औषधाचं शेजारणीला सांगून त्याच संध्याकाळच्या गाडीनं ती पुण्याला गेली. सोमवारी फोन आला.

"काचांवर लेबलं लावताना माझ्याच हातून त्या दोहोंची अदलाबदल झालीय. जुन्या रजिस्टरशी ताडून पाहिलं."

"मग आता गं?"

"सरांना सांगितलं. आता सगळ्या काचा पहिल्यापासून तपासायच्या. सहा महिने जास्त जातील."

"रागावलं का सर?"

"रागावले. बरोबरच आहे." मग म्हणाली, "त्या दोघांतला तू बोलता म्हणालीस तो माणूस... माझ्या तक्त्यात लवकर गेलेला होता, पण तो अजून तपासणीला येतो, आजी. नाव मात्र विचारू नकोस."

फोन ठेवल्यावर बराच वेळ अंगठा धरून बसले.

पुढच्या महिन्यात तिनं नवे फोटो आणले. तोवर मला स्वच्छ दिसत होतं, म्हणून तिनं ओढणीनं माझे डोळे बांधले. अंगठ्याला नुसता कागद लागला. तेजू म्हणते, एकदा घडलं म्हणजे पुरावा होत नाही. तिनं नोंद केली नाही आणि ते मला पटतं. पण मग त्या दिवशी काय लागलं, ते तिलाही सांगता येत नाही आणि मलाही.

मला एवढंच कळतं की ती दोन लेबलं तिनं गुपचूप बदलली असती तर जगात कुणाला पत्ता लागला नसता. माझ्या सरीसारखंच. ती गेली आणि स्वतःच्या तोंडानं सांगून आली. माझ्या रक्तात हे नव्हतं, कुठनं आलं कोण जाणे.

यंदा उसाच्या लागणीच्या वेळी मी काठी टेकत त्या कडेच्या सरीत जाऊन उभी राहिले. आजूबाजूला कुणी नाही ते बघितलं – एवढी लबाडी अजून शिल्लक आहे – आणि म्हणाले, "आत्याबाई, पाणी कमी बसलं न्हवतं."