लावताना सगळेच हुशार

चालू असलेली नवी वस्तू दिसली की लोक तिचं कौतुक करतात, फोटो काढतात. आमचे सर तिची वायर उपटायचे. म्हणून ऑफिसात त्यांचं नाव पडलं उपटे सर. खरं आडनाव वेगळंच होतं, पण हे नाव इतकं रुळलं की नव्या पोरांना तेच खरं वाटायचं. एकाने तर मेलमध्ये 'आदरणीय उपटे सर' असं लिहून पाठवलं. सरांनी उत्तरात त्याच्या कोडमधल्या चुका तेवढ्या दाखवल्या, आडनावाला हात लावला नाही.

आमची कंपनी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत, एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर. कारखान्यातल्या मोटारी किती थरथरतात हे मोजणारी एक डबी आम्ही बनवायचो. ती कॉम्प्युटरला जोडली की त्याला ती ओळखता आली पाहिजे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, ही ओळख करून देणारा कोड म्हणजे ड्रायव्हर. तो लिहायचं काम माझ्याकडे आलं. कर्नल सांभाळणारी मंडळी जगभर विखुरलेली. त्यांनी ड्रायव्हर घेतला तर माझी नोकरी पक्की, नाहीतर काम पुण्याच्या लोकांना द्यायचं, असं मालकांनी तोंडावर सांगून टाकलेलं. आणि त्या मंडळींचा विश्वास उपटे सरांवर. सरांनी कोड तपासून खाली 'मी तपासलं' म्हणून आपलं नाव लावलं, तरच गाडी पुढे सरकायची. पण नाव लावण्याच्या बाबतीत सर पक्के कंजूष.

माझी डबी पहिल्यांदा चालली त्या दिवशी पडद्यावर आलेख नाचायला लागला. मालक खूश, मी तर हवेत. सर आले, चष्मा कपाळावर ढकलला आणि वायर उपटली. कॉम्प्युटर जागच्या जागी गोठला. माऊससुद्धा हलेना.

"झालं," सर म्हणाले. "लावताना सगळेच हुशार असतात. काढताना कळतं." आणि चहा प्यायला खाली निघून गेले.

कोड ते शेवटापासून वाचायचे. "आत कसं येती ते मागून बघू. आधी बाहेर जायचा रस्ता दाखव," असं म्हणत थेट तळाशी जायचे. जगाला दिसणारे शेरे इंग्रजीत असायचे, पण मला त्याआधी मराठीतून प्रसाद मिळायचा. 'ही मेमरी मागून घेतली. परत कोण करणार, मी?' 'इथं गडबड झाली की तू सरळ घरी. मागं दिवे-पंखे सगळे चालूच.' एका ओळीपुढे तर नुसतं 'काहून?' एवढंच लिहिलेलं. त्या एका 'काहून'चं उत्तर शोधण्यात माझा अख्खा गुरुवार गेला.

ही खोड ऑफिसपुरती असती तर चाललं असतं. पण सर स्कूटरसुद्धा तोंड गेटकडे करूनच लावायचे, म्हणजे निघताना वळवावी लागू नये. एकदा आम्ही दोघं मालकांच्या वाढदिवसासाठी गुलमंडीत शर्टाचं कापड आणायला गेलो. दुकानदार चाचांनी ठाण उलगडायच्या आधीच सरांनी विचारलं, "परत घेता का?" चाचा गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. "साब, पैले लेव तो सही," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. मी हे काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, रंगवून सांगितलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही.

"अगं, मला बघायला आले तेव्हा पोहे यायच्या आधी ह्यांनी वळून चपला कुठं हायेत ते बघून ठेवलं," काकू म्हणाल्या. "मी मनात म्हटलं, ह्यो काय टिकत नाय. पण बसले ते बसलेच. पोहे पुन्हा मागून घेतले."

असा माणूस दुरून गोड वाटतो. आपलाच कोड त्याच्या हातात असला की जीव नकोसा होतो. कितव्यांदा तरी माझा ड्रायव्हर परत आला आणि माझं डोकंच फिरलं. "सर, भर कारखान्यात चालू डबीची वायर कोण कशाला उपटेल? तुमच्यासारखे असे असतात किती?" बोलून गेले आणि जीभ चावली.

सर चिडले नाहीत. "चल," म्हणाले. दोन गल्ल्या पलीकडे एका कारखान्यात आमची डबी चाचणीसाठी लावलेली होती, तिथे मला घेऊन गेले. आम्ही भिंतीशी उभे राहिलो. थोड्या वेळाने लेथवर काम करणारा एक दादा हात पुसत आला, कॉम्प्युटरमागे हात घालून आमची वायर काढली आणि त्या जागी स्वतःच्या मोबाईलचं चार्जिंग लावलं. पडदा गोठला.

"दादा, हे काय करायलात?" मी विचारलं.

"फोन मरायलाय ना, ताई. तुमचं लावतो की नंतर. लई घाई हाय का?"

सर छताकडे बघत होते. इतका तृप्त चेहरा मी त्यांचा जेवणानंतरही पाहिलेला नव्हता.

चूक तशी साधी होती. वायर निघाली की माझा कोड आधी मेमरी सोडून द्यायचा आणि मग मोजणं थांबवायचा. मधल्या क्षणात मोजणारा बिचारा नसलेल्या जागेत आकडे लिहायला जायचा आणि तिथेच सगळं अडकायचं. "पंगत उठायच्या आधी पत्रावळी उचलायलीस व्हय?" सर म्हणाले. "शेवटी घेतलं ते आधी सोडायचं. आधी घेतलं ते शेवटी. ह्यात बदल नाय." मी सगळा क्रम उलटा करून दिला. तरी सरांनी नाव लावलं नाही. "बघू," म्हणाले.

आणि नेमकं तेव्हाच कळलं की सर चालले. मुलीकडे नाशिकला, कायमचे, महिनाअखेरीस. सर गेले तर माझ्या ड्रायव्हरखाली नाव कोण लावणार?

सरांनी आवराआवर सुरू केली, अर्थातच उलट्या क्रमाने. यंदा मिळालेली नवी खुर्ची सगळ्यात आधी परत केली आणि प्लास्टिकच्या स्टुलावर बसायला लागले. मग लॅपटॉप दिला. मग कपाटाची किल्ली. मालक काकुळतीला आले, "अहो, शेवटच्या दिवशी एकदम द्या की." सर म्हणाले, "एकदम उपटलं की गोठतं, साहेब."

निरोपही त्याच क्रमाने. ऑफिसात सगळ्यात शेवटी आलेली मी, म्हणून पहिला नंबर माझा. सोमवारी सकाळी माझ्या टेबलाशी आले, "बरं, तुझ्यापासून सुरुवात. नीट राहा," म्हणाले आणि गेले. ना ड्रायव्हरचा विषय, ना नावाचा. मला रडूच आलं, आणि रडू ओसरल्यावर संताप. पुढचे दिवस मी त्यांच्याशी बोललेच नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं, कारण त्यांच्या हिशेबी मी केव्हाच सुटलेली होते.

शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांचे, अगदी मालकांचेही निरोप आटोपून सर स्टूल ओढत माझ्या टेबलाशी आले. डबी चालू होती. त्यांनी वायर उपटली. आलेख थांबला, पण कॉम्प्युटर चालूच. पुन्हा लावली, पुन्हा उपटली. खिशातून मोबाईलची वायर काढून त्या जागी खुपसून बघितली. काही झालं नाही.

"सरक," म्हणाले. माझ्याच कीबोर्डवरून आपलं खातं उघडलं, माझ्या ड्रायव्हरखाली आपलं नाव लिहिलं आणि पाठवून दिलं.

"सर, मग इतके दिवस लटकवलंत कशाला?" अबोला विसरून मी विचारलं.

"इथं आलो तेव्हा पहिलं काम हेच हातात घेतलेलं, तपासायचं," सर उठत म्हणाले. "म्हणून शेवटी सोडलं."

ड्रायव्हर पुढे त्या मंडळींनी घेतला, माझी नोकरी पक्की झाली. आता नव्या पोरांचा कोड माझ्याकडे येतो आणि मी तो खालून वर वाचते. त्यांनी मला काय नाव ठेवलंय ते अजून कुणी सांगत नाही.

पण त्या संध्याकाळी मला खूप बोलायचं होतं. आभार मानायचे होते, आणि थोडं भांडायचंही होतं. पर्स तशीच टाकून मी जिन्यावरून धावत खाली आले. स्कूटर नेहमीसारखी तोंड गेटकडे करून लावलेली. मागे घ्यायची नाही, वळवायची नाही, नुसती किक मारायची. मी शेवटच्या पायरीवर पोचेपर्यंत सर जालना रोडला लागलेसुद्धा. एकदा, फक्त त्या एका दिवशी, भिंतीकडे तोंड करून लावली असती गाडी, तर काय बिघडलं असतं त्या माणसाचं?