वार्सियेमची किळस

आमच्या आणि सादिनेमच्या घरात बांबूच्या तट्ट्याची एकच भिंत होती. तट्ट्याला कान असतात की नाही मला माहीत नाही, भोकं मात्र असतात. त्या भोकांतून मी त्या घरातलं पहिलं भांडण ऐकलं. सादिनेमची नवी सून वार्सियेम मागीलदारी मागूर साफ करायला बसली होती. मागूर म्हणजे बुळबुळीत मासा, राख चोळल्याशिवाय हातात ठरत नाही.

"डोळे मिटून मासा कापतेस?" सासू म्हणाली.

"उघडे ठेवले की पोटात ढवळतं, आई."

"आणि मिटल्यावर?"

"मिटल्यावरही ढवळतं. पण दिसत नाही."

मग ओकारीचा आवाज आला. मग कोंबड्या धावल्याचा.

"असली सून आणली मी," सादिनेम म्हणाली. "उद्या लेकरू हगलं तर कोणाला हाक मारशील?"

"शेजारच्या म्बाक कासीला. त्या बऱ्या वाटतात."

म्बाक कासी, म्हणजे कासीताई, ती मी. मी भिंतीच्या अलीकडे तोंडात ओढणी कोंबून हसले. सादिनेम हसली नाही. ती म्हणाली, "असल्या नाक मुरडणारीच्या पोटी देव लेकरू घालत नाही. त्यालाही कळतं कुठे काय घालावं ते."

आणि खरंच वार्सियेमला मूल झालं नाही. सादिनेमचं ते बोलणं मात्र वाढलं. विहिरीवर गेलं, बाजारात गेलं, लग्नाच्या मांडवात भात वाढता वाढता बायकांनी ते एकमेकींना वाढलं. दुसऱ्याच्या तोंडातलं उष्टं असं गावभर चघळलं, त्याची कोणाला शिसारी आली नाही. मागूर मात्र घाण.

नवरा वारल्यावर वार्सियेमने काम धरलं ते कोणतं, तर बालवाडीचं. ग्रामकचेरीच्या बाजूला एक खोली होती, तिथे चार-पाच वर्षांची पोरं बसायची. पगार एवढासा, म्हणून कोणी टिकत नव्हतं. गावाला वाटलं, बाईने थट्टा केली. ज्या बाईला ओल्या फडक्याची किळस, ती पोरांत बसणार. चार वर्षांचं पोर म्हणजे काय असतं? वरून शेंबूड, खालून मूत आणि मधे कालचा भात.

पहिल्याच दिवशी एका पोराने तिच्या बाहीला नाक पुसलं. ती उठली, शेवग्याखाली जाऊन ओकली, तोंड धुऊन परत आली.

"बू, पोट दुखतं का?" पोराने विचारलं. आमच्याकडे मास्तरणीला बू म्हणतात, आईलाही बूच.

"नाही रे. तुझ्या शेंबडाची किळस आली."

ते पोर दिवसभर ताठ मानेने फिरलं. त्याच्या शेंबडाची कोणी एवढी दखल घेतली नव्हती.

खोलीत पुस्तकं नव्हती. खेळणी होती ती कोणाकोणाच्या घरून आलेली, एक चाक नसलेली. म्हणून वार्सियेमने शुक्रवार धरला. गुरुवारी ती बादली घेऊन काहीतरी आणायची आणि शुक्रवारी पोरं त्यात हात घालायची. कधी भाताच्या खाचरातला चिखल, कधी उकडलेला कसाव्याचा कंद कुटायला, कधी पपईच्या गाभ्यातल्या बिया, कधी गांडुळं. पोरांनी मोजायचं, चुरायचं, वळायचं, वास घ्यायचा, गार-गरम सांगायचं. आणि ज्या वस्तूने तिच्या अंगावर काटा येई तीच ती नेमकी आणायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "म्बाक, मला ज्याची किळस येत नाही ते मला शिकवता येत नाही. मी काय सांगणार त्यात?"

नियम एकच. ज्याला किळस येईल त्याने ती मोठ्याने सांगायची. सांगणाऱ्याला हसायचं नाही, मागून ढकलायचं नाही. सांगून झालं की एक बोट. मग जमलं तर पंजा.

आणि पहिला नंबर तिचा. ती बादलीजवळ उकिडवी बसे, तोंड वाकडं करी आणि म्हणे, "मला किळस येते." ते सोंग नव्हतं, मानेवरचे केस उभे राहिलेले मी पाहिलेत. मग पोरं तिचं मनगट धरायची. "बू, तो चावत नाही." "बू, मी आहे ना." "बू, आधी करंगळी घाला, करंगळीला कमी कळतं." असं चार-पाच इवल्या हातांनी धरून तिचा हात बादलीत जायचा, आणि तो कुठवर गेला हे बघण्याच्या नादात पोरांचे स्वतःचे हात कोपरापर्यंत कधी बुडाले ते त्यांनाच कळायचं नाही. माझी नात लारास ओल्या फरशीवर पाय टेकत नसे, कडेवरून खाली उतरत नसे. ती वार्सियेमच्या हाताला धरून गांडुळांत गेली. घरी येऊन मला म्हणाली, "म्बाह, बू वार्सी फार भित्रट आहे. माझ्याशिवाय तिचं काही खरं नाही."

मग बू रेत्नो आल्या. बालवाडीवर मुख्य म्हणून तालुक्याहून नेमलेल्या, इस्त्रीच्या कपड्यातल्या, नखं स्वच्छ. वाईट बाई नव्हत्या. खोलीचं छप्पर गळतं, ग्रामकचेरीला ती खोली खताच्या पोत्यांसाठी हवी आहे, हे त्यांनीच पहिल्यांदा मोठ्याने सांगितलं. शहरातली एक संस्था चांगल्या बालवाड्यांना मदत देते, तिचे लोक सोमवारी बघायला येणार आहेत, हेही त्यांनीच जमवलं. ती मदत मिळाली तर खोली राहणार, नाहीतर बालवाडी बंद. हे सगळ्यांना कळलं होतं. पोरांनासुद्धा.

"पाहुण्यांसमोर मुलांनी हाताने केलेलं काही असावं," बू रेत्नो म्हणाल्या. "गांडुळं नकोत."

"तेंपे करू," वार्सियेम म्हणाली.

सोयाबीन भिजवायचं, उकडायचं, सालं काढायची, कोरडं करायचं, विरजणाची भुकटी लावून केळीच्या पानात बांधायचं. दोन दिवसांनी पांढरी मऊ बुरशी धरून वडी तयार. आमच्याकडे भाताबरोबर रोज लागते. शनिवारी पोरांनी सालं काढली. पाण्यात हात घालून दाणे चोळले की सालं सुटून बोटांना चिकटतात, ओली, पातळ, सोललेल्या कातडीसारखी. वार्सियेमला त्याची भयंकर शिसारी. पोरांनी तिचा हात धरून आत घातला, तिने चार दाणे चोळले, आणि पुढचं तिच्याने होईना. सालं निघाल्यावर दाणे फडक्यावर पसरून, उलटेपालटे करून नीट सुकवावे लागतात. ते ओले दाणे हाताखाली सरकतात म्हणून तिने तेच घाईत उरकलं. ओल्यावर विरजण लावलं, ओलंच बांधलं. प्रत्येक पोराने आपल्या पुडीला आपल्या पसंतीचा दोरा बांधला. लारासचा लाल.

सोमवारी सकाळी खोलीचं दार उघडलं तर आत मेलेली घूस असावी असा वास. पुड्या उघडल्या. एक-दोन पुड्या कडेला पांढऱ्या झाल्या होत्या. बाकीच्यांत पिवळट बुळबुळीत लगदा, बोट लावलं की तार सुटावी असा. मी लारासला सोडायला आले होते, मी नाकाला ओढणी लावली.

"हे माझ्यामुळे झालं," वार्सियेम म्हणाली. "मी दाणे सुकवले नाहीत."

बू रेत्नोंनी कपाळाला हात लावला नाही की आवाज चढवला नाही. "बादली मागे न्या. कोंबड्यांना घाला," म्हणाल्या. मग बाजारातून तयार तेंपे आणवलं, नव्या पानांत बांधलं, आणि पोरांच्या पुड्यांचे दोरे सोडवून त्यांना बांधले. माझ्या डोळ्यांदेखत. ताटात मांडल्यावर छान दिसलं. मग प्रत्येक पोराच्या हातात पारदर्शक प्लास्टिकचे मोजे चढवले, खानावळीत तळणाऱ्यांच्या हातात असतात तसले, कोपरापर्यंत लोंबणारे. समोर भिजवलेल्या स्वच्छ सोयाबीनचं पातेलं.

"पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगायचं?"

"आम्ही केलं," पोरं एका सुरात म्हणाली.

"वार्सियेम, तुम्हीही."

खोलीचं काय होणार ते वार्सियेमलाही ठाऊक होतं. तिच्या मानेवरचे केस उभे होते.

पाहुणे आले. सुवासिक लोक. एकजण सारखा फोटो काढत होता: मोजे सोयाबीनमध्ये, मोजे बाहेर, हसा, पुन्हा मोजे आत. लेकरांच्या बोटांना ना गार कळत होतं ना ओलं. पाहुण्यांच्या ओठांवर हसू कसं, तर लोणी लावल्यासारखं. माझ्या उभ्या आयुष्यात मी गाईची वार काढली, मेलेल्या माणसाला आंघोळ घातली, सादिनेमचं शेवटचं आजारपण काढलं, पण त्या चकचकीत टेबलासमोर मला जशी मळमळ झाली तशी कधी झाली नाही.

पाहुण्यांतली एक बाई लारासजवळ वाकली. "किती सुंदर. हे तू केलंस?"

लारासने लाल दोरा पाहिला. मग वार्सियेमकडे पाहिलं. मग मोठ्याने, नियमाप्रमाणे, म्हणाली, "मला किळस येते."

बू रेत्नो हसल्या. "लहान आहे. सोयाबीनची किळस येते तिला."

"सोयाबीनची नाही," लारास म्हणाली. एक बोट पुढे करून ती तशीच उभी राहिली, मोज्यातलं बोट.

वार्सियेम मागे गेली. कोंबड्यांनी तोंड लावलं नव्हतं, बादली भरलेलीच होती. ती तिने हात लांब करून धरून आणली आणि ताटाशेजारी ठेवली. पाहुणे दोन पावलं मागे सरले, मग दारापर्यंत. फोटोवाल्याने आधी नाक धरलं, मग फोन खिशात घातला.

"ताटातलं बाजाराचं आहे," वार्सियेम म्हणाली. "पोरांनी केलेलं हे. नासलं, कारण सुकवायचं काम माझं होतं आणि मला किळस आली." मग उकिडवी बसली. "आत्ताही येते."

लारासने मोजे ओढून काढले. तिचं बघून बाकीच्यांनी. पोरं वार्सियेमभोवती गोळा झाली, कोणी मनगट धरलं, कोणी कोपर. "बू, करंगळी." हात लगद्यात गेला आणि तिला खरीखुरी ओकारी आली, तिने गिळली. पोरं पुड्या चिवडत बसली, कोणाची किती नासली ते एकमेकांना दाखवत. लारासच्या पुडीत नखाएवढा पांढरा तुकडा निघाला. तो तिने पाहुण्या बाईला दिला. बाईने तो कागदी रुमालात घेतला आणि फाटकाबाहेर गटारात टाकला. मी पाहिलं.

मदत दुसऱ्या गावाला मिळाली. खोलीत खताची पोती आली. बू रेत्नो तालुक्याला परत गेल्या, जाताना वार्सियेमला म्हणाल्या, "तुमच्या एका बादलीने खोली गेली." वार्सियेम म्हणाली, "हो, गेली." वाद घातला नाही, कारण खोटं काही नव्हतं. गावाने मात्र सादिनेमचं जुनं उष्टं पुन्हा बाहेर काढलं. स्वतःला पोर नाही, दुसऱ्यांच्या पोरांची शाळा घालवली. आणि पाहुण्यांनी बादलीच्या आधी काढलेला फोटो कुठल्याशा कॅलेंडरवर छापून आला. तो ग्रामकचेरीत अजून लावलेला आहे. माझी नात मोजे घालून हसते आहे, समोर बाजारचं तेंपे. मी धान्याच्या रांगेत उभी राहते तेव्हा तो डोळ्यांसमोर असतो. मी खिडकीबाहेर पाहते, तिकडे निदान गुरांचं शेण असतं.

वार्सियेमने आपल्या पडवीत फणसाखाली चटई टाकली. सगळी पोरं नाही आली. ज्यांच्या आयांना कपडे धुवायचा कंटाळा नव्हता त्यांची आली. शुक्रवार चालू राहिला. लारास शाळेत गेली, तिच्या मागची पोरं आली, त्यांच्या मागची. वार्सियेम म्हातारी झाली, गुडघे गेले, किळस गेली नाही. शेवटी शेवटी तिला उकिडवं बसवायलाही पोरं लागत.

एका शुक्रवारी पोरं आली आणि तिचं दार उघडलं नाही. रात्री झोपेतच गेली होती. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही. त्याच्या आदल्या दिवसाचं लिहिते.

गुरुवारी दुपारी तिने तट्ट्यावर थाप मारली. "म्बाक, तळ्यावर येता का? मागूर आणायचेत."

"मागूर? या वयात?"

"पोरांना मिशा मोजायच्या आहेत. एकजण म्हणतो सहा, एकजण म्हणतो मांजराएवढ्या."

आम्ही हळूहळू गेलो. तळेवाल्या सुरोतोने जाळं टाकून चार मासे बादलीत सोडले. पाणी घुसळलं, तिच्या पायावर शिंतोडे उडाले, तिने पाय असा झटकला की सपात तळ्यात गेली.

"बू, झाकण देऊ?" सुरोतो म्हणाला.

"नको. दिसेनासं झालं की जास्त किळस येते."

"लहानपणी माझा हात धरून घातला होतात तुम्ही गांडुळांत."

"मी? तू माझा धरला होतास."

वाटेत मी म्हटलं, "आण, बादली मी घेते." तिने दिली नाही. हात लांब करून, मान दुसरीकडे वळवून, पाणी सांडत ती घरापर्यंत आली. फणसाखाली बादली ठेवली. माझ्या खांद्याला धरून वाकली, तोंड वाकडं केलं, "मला किळस येते," म्हणाली आणि करंगळी पाण्यात घातली. खालून काहीतरी सळसळलं. तिने हात झटकन बाहेर काढला, कमरेच्या सारोंगला पुसला, पुन्हा पुसला.

"आहेत जिवंत," म्हणाली, आणि साबण शोधायला आत गेली.