आज पळायचं नाही
सकाळी मी मैदानाच्या पायरीवर बसले होते. माझी लेक मीरा धावण्याच्या सरावाला आली होती. तिच्या मनगटावरच्या पट्ट्याने टिपलेले नाडीचे आणि झोपेचे आकडे मोबाइलवर पाहून सर म्हणाले, "मीरा, शरीर थकलंय तुझं. आज पळायचं नाही."

"पण सर, निवड चाचणी तोंडावर आलीय!"

"म्हणूनच नाही म्हणतोय."

ती माझ्याकडे वळली. "आई, तू तरी सांग ना सरांना."

काय सांगणार? लहानपणी कपाळाला हात लावला की तिचा ताप मला कळायचा. आता तिचा थकवा मला दिसत नव्हता, तळमळ तेवढी दिसत होती. मी सरकून तिला जागा केली.

ती शेजारी येऊन बसली आणि पळणाऱ्या मुलींकडे बघत राहिली. तिचे पाय बसल्या जागी थरथरत होते. थकव्याने की ओढीने, मला सांगता येईना.