मावशीला नाशिकला आणताना

नाशिक सोडतानाच मी मदर लुसींना सांगून टाकलं, "गाडी चालवते, पण मावशीला हलवायला मी तुमच्या बाजूने आहे असं समजू नका." एरवी माझ्या फटकळपणाला त्या हसतात. त्या दिवशी नुसत्या काचेबाहेर बघत राहिल्या.

मावशी म्हणजे सिस्टर फिलोमिना, माझ्या आईची धाकटी बहीण. तिसगावच्या पुढे एका वस्तीवर ख्रिस्ती सिस्टरांच्या संघाचं लहानसं घर आहे. लोकांच्या जखमा धुण्यात आणि ऊसतोडीला गेलेल्यांच्या मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची उस्तवार करण्यात तिची हयात तिथेच गेली. आता तीही थकली, म्हणून संघाच्या वरच्या मंडळाने तिला नाशिकला, वृद्ध सिस्टरांच्या घरी आणायचं ठरवलं होतं. शेवटचा शब्द मात्र संघाच्या इथल्या प्रांताच्या प्रमुख म्हणून मदर लुसींचा. आणि गंमत बघा, या मदर कोवळ्या वयात व्रत घ्यायला आल्या तेव्हा आज्ञापालनाचे धडे त्यांना मावशीनेच दिले होते!

कोल्हारपर्यंत दुतर्फा ऊस आणि पेरूच्या बागा. नगर मागे टाकून करंजीचा घाट ओलांडला की हिरवं एकदम संपतं. उघडे माळ, बाभळी, मधूनच एखादं शेळ्यांचं खांड. तिसगावात बाजार भरला होता. मी नको त्या बोळात शिरले आणि कांद्याच्या टेम्पोसमोर अडकले. एका बांगडीवाल्या चाचांनी हातवारे करून गाडी मागे घ्यायला लावली, मग मदरचा झगा बघून म्हणाले,

"सिस्टरबाईकडं निघाला व्हय? सरळ जावा. आन् म्हनावं, पाय बरा हाय आता, चालतोय मी."

मदरनी मान खाली घातली.

मावशी दारातच उभी होती. वाळलेली, पण डोळे तेच मिश्कील. "किती जाड झालीस गं!" हा माझा सत्कार. जेवायला बाजरीची भाकरी आणि शेंगोळे (हुलग्याच्या पिठाची वेटोळी, झणझणीत रश्श्यात शिजवलेली). मी तिला चुलीपाशी गाठलं.

"मावशी, मदर काही सांगतील. तू नाही म्हण."

"कशाला नाही म्हणू? अजून तिने तोंडसुद्धा उघडलं नाही."

"तरी म्हण!"

"वेडी आहेस," म्हणत तिने माझ्या ताटात आणखी शेंगोळे वाढले.

जेवणं झाली. मदर बराच वेळ पाण्याच्या पेल्याशी चाळा करत राहिल्या. मग एका दमात म्हणाल्या, "सिस्टर, तुम्हाला आता नाशिकला राहायला यायचंय. कायमचं."

"बरं," मावशी म्हणाली. "कधी?"

"आजच... जमलं तर."

"जमेल की. भांडी तेवढी घासून घेते."

झालं! एवढ्या वर्षांचं गाव एवढ्यात आटोपलं. संताप संताप झाला माझा. मदरचा की मावशीचा, ते आजही सांगता येत नाही. शेजारच्या अमिनाबी निरोप द्यायला आल्या आणि दाराला टेकून रडल्या. "आमी काय मेलोय का सिस्टरबाई? आमी बघितलं नसतं तुमाला?" मावशीने त्यांचा हात धरला. एक पिशवी, एक जपमाळ आणि ती गाडीत बसली.

परतीला कोल्हारला थांबले. प्रवरेचा पूल ओलांडून टपरीपाशी गाडी लावली. मावशीला पेरू चिरून दिला, वर तिखटमीठ. ती दार उघडं ठेवून आतच बसली. मदर आणि मी चहा घेत बाहेर उभ्या राहिलो, आणि मदरना एकदम हुंदका आला.

"मी वाट बघत होते हो. त्या नुसतं 'राहू का इथे' म्हणाल्या असत्या ना, मी मंडळाला कळवून त्यांना राहू देणार होते. मनाशी ठरवूनच आले होते."

"अहो, मग तसं विचारायचं ना!"

"त्यांना विचारायचं? त्यांनीच शिकवलंय मला, आज्ञा देताना घुटमळू नये, ऐकणाऱ्याला त्रास होतो."

कपाळावर हात मारला मी. "आत्ता सांगा. गाडी वळवते, अंधार पडायच्या आत पोचवते."

मदर गाडीपाशी गेल्या, उघड्या दाराशी उकिडव्या बसल्या आणि सगळं बोलल्या. मावशीने पेरूची फोड खाली ठेवली. मग मदरना 'मदर' न म्हणता, पूर्वीसारखं, म्हणाली, "लुसी, तू सांगितलंस ते देवाने सांगितलं असं समजून मी निघाले. अमिनाला रडती सोडून निघाले. आणि आता म्हणतेस, तुझंच ठरत नव्हतं?"

मदर उठल्या आणि चहाचे पैसे द्यायला गेल्या.

"वळवू का गं, मावशी?" मी विचारलं.

"नको. आता परत जाऊन अमिनाला काय सांगू? चल पुढे."

नाशिकच्या त्या घरात ओळीने दोन खोल्या रिकाम्या होत्या. मदर हळूच म्हणाल्या, "सिस्टर, तुम्हाला आवडेल ती घ्या." मावशी पिशवी धरून व्हरांड्यात उभीच राहिली. एका दाराकडे बघे, मग दुसऱ्याकडे. हवी ती घ्यायची म्हणजे काय करायचं, हे तिला उमगेचना. बघवेना मला. "मावशी, ही खिडकीची तुझी," मी म्हटलं, आणि ती लगेच आत गेली.

घरी येऊन गाडी लावली, पण उतरावंसं वाटेना. मदरना दिवसभर मनातल्या मनात बोल लावले होते मी. पण मी तरी दुसरं काय केलं? नाही म्हण, हे मीच सांगितलं. ही खोली घे, हेही मीच सांगितलं. तुला कुठे राहायचंय मावशी, असं चुलीपाशी, आम्ही दोघीच असताना, एकदा तरी विचारायचं होतं.