होकायंत्रबाई आणि शेजारची खोली

शाळेत त्यांना तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठीमागे होकायंत्र. कुण्या चावट मुलानं ठेवलेलं हे नाव इतकं चिकटलं, की एकदा खुद्द मुख्याध्यापक भर सभेत "आपल्या होकायंत्रबाई" म्हणून गेले आणि मग जीभ चावून पाणी प्यायले. बाईंनी कपाळाला आठी घातली खरी, पण घरी जाताना त्या वाटभर हसत होत्या.

नाव खोटंही नव्हतं. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी पुढे कुठल्या कॉलेजात जायचं, काय शिकायचं आणि मुख्य म्हणजे त्याचे पैसे कुठून आणायचे, हे ठरवायला मदत करणं हेच त्यांचं काम. त्या स्वतः शिकत होत्या तेव्हा त्यांना एका चांगल्या कॉलेजात जागा मिळाली होती. पण कॉलेजकडे फीसाठी मदत मागता येते, हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. वडिलांनी फीचा आकडा पाहिला, चष्मा काढून ठेवला, आणि विषय संपला. पुढे बाई संध्याकाळच्या वर्गांना जाऊन शिकल्या. तेव्हापासून त्यांचा एकच हट्ट होता, की आपल्या खोलीतून गेलेलं एकही मूल केवळ विचारलं नाही म्हणून मागं राहता कामा नये. सगळं शिकवून झालं की त्या एक वाक्य हमखास सांगत. "पैशाचं बोलणं होईपर्यंत कुणाला शब्द द्यायचा नाही."

बाहेर पडलेली मुलं आपापल्या कॉलेजच्या दुकानातून त्यांना एकेक कॉफीचा मग पाठवत. खिडकीशेजारच्या फळीवर ते ओळीनं मांडलेले असत. त्यातून चहा पिण्याची कुणाची छाती नव्हती, बाईंचीही नाही.

गेल्या वर्षी मुलं वाढली आणि शाळेनं दुसरा मार्गदर्शक नेमला. शेजारची खेळाच्या सामानाची खोली रिकामी करून त्याला दिली. तिच्यात अजून रबरी चेंडूंचा वास होता, आणि मधली भिंत म्हणजे नुसती प्लायवूडची फळी. पोरगेलासा माणूस, पायात पांढरे बूट, खोलीत खुर्च्यांऐवजी गाद्या. पहिल्याच आठवड्यात मुलं त्याला दादा म्हणू लागली आणि त्यानंही म्हणू दिलं. बाई त्याला अहो-जाहो करत. आदरानं नव्हे, अंतर राहावं म्हणून.

"मॅडम, तुमच्याकडून खूप शिकायचंय मला," तो पहिल्या दिवशी म्हणाला होता.

"शिका की," बाई म्हणाल्या, आणि पेन्सिलीला टोक करत बसल्या.

हळूहळू बाईंच्या दारातली रांग शेजारच्या दाराकडे सरकली. पूर्वी मधल्या सुट्टीत त्यांना डबा उघडायला फुरसत मिळत नसे. आता डबा संपवून, धुऊन, पुसून वेळ उरे. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते त्या रोज कानांनी ऐकत होत्या. फळीपलीकडे हशा पिकला की बाईंच्या हातातलं काम थांबे. कॉलेज निवडण्यात हसण्यासारखं काय असतं, हे त्यांना खरंच कळत नव्हतं. मग एक दिवस त्याच्या टेबलावर एक मग दिसला. निळा, कोरा करकरीत. आणि तो सरळ त्यातून कॉफी पीत होता.

हे सगळं बाईंनी गिळलं असतं. पण त्या वर्षी त्यांची स्वतःची मुलगी शेवटच्या वर्षाला होती.

त्यांना वाटलं होतं, ती येईल. घरी नाही तर शाळेत येईल, बाकीच्या मुलांसारखी दारावर टकटक करील आणि थट्टेनं म्हणेल, "मॅडम, आत येऊ का?" बाईंनी तिच्यासाठी कॉलेजं मनात निवडूनसुद्धा ठेवली होती. मुलीचं गणित चांगलं, तेव्हा हिशेबतपासनीस व्हावं. जवळचं कॉलेज, घरून जाऊन-येऊन. अंथरूण पाहून पाय पसरलेले बरे.

मुलगी आली नाही. एका दुपारी बाई डबा पुसत असताना फळीपलीकडून तिचा आवाज आला.

"मला आवाजाचा अभ्यास करायचाय, दादा. म्हणजे गाण्याचा नाही. सभागृह कसं बांधलं की शेवटच्या ओळीतल्या माणसाला नीट ऐकू येतं, तसला. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात ना. लहानपणी सुट्टीत मला बरोबर न्यायचे. लिफ्टच्या रिकाम्या उभ्या बोगद्यात खालून हाक मारली की ती वर जाताना बदलत जाते. प्रत्येक इमारतीत वेगळी. मला ते अजून ऐकू येतं."

पलीकडून तो म्हणाला, "हेच लिही. अगदी असंच."

बाईंच्या हातात डब्याचं झाकण तसंच राहिलं. आपल्या पोटची पोर, जिला लसणाचा वास आवडत नाही इथपासून डाव्या टाचेला जोडा चावतो इथपर्यंत आपल्याला माहीत, ती काय ऐकत मोठी झाली हे आपल्याला प्लायवूडमधून कळावं. आणि कुणाला सांगताना, तर पांढऱ्या बुटांना. बाईंना नवऱ्याचासुद्धा हेवा वाटला. बोगद्यात तोच तर होता तिच्याबरोबर.

मग त्यांनी तो सल्ला ऐकला. आवाजाचा विभाग असलेलं चांगलं कॉलेज दूर होतं आणि तिथे जागा थोड्या. पण तिथे एक सोय होती. नेहमीच्या मुदतीच्या बरंच आधी, एका लवकरच्या मुदतीत अर्ज करायचा आणि लेखी शब्द द्यायचा, की घेतलंत तर मी तुमच्याकडेच येईन, दुसरीकडे अर्ज करणार नाही. असा शब्द दिला की जागा मिळण्याची शक्यता वाढे.

"देऊन टाक शब्द," तो म्हणाला. "मीही असाच गेलो. पूर्ण मदत मिळाली मला."

बाईंनी डोळे मिटून घेतले. उंटावरचा शहाणा, त्या मनात म्हणाल्या. याला पूर्ण मदत मिळाली, कारण याच्या घरी कमावणारं कुणी नव्हतं. हे त्यानंच मुलांना कधीतरी सांगितलेलं त्यांनी ऐकलं होतं. आमच्या घरी दोन पगार. दोन्ही बेताचे, पण कागदावर दोन. अशा घरांना कॉलेज हात आखडून मदत देतं, आणि शब्द देऊन बसलेल्या मुलीला नाही म्हणायची सोय नसते. हातात दुसरं कॉलेज असेल तर पहिल्याशी बोलता येतं. शब्द दिला की बोलणंच खुंटलं.

एवढं सांगायला फळीवर दोनदा टकटक केलं असतं तरी चाललं असतं. बाईंनी केलं नाही. पैशाचं आलं की येईल माझ्याच दारात, त्या मनाशी म्हणाल्या. शिवाय त्या शब्दावर पालकाची सही लागते. सही मागायला तर येईलच. त्यांनी त्या भेटीची मनात तालीमसुद्धा केली. आधी थोडं ताणायचं, मग समजावायचं, मग ती म्हणेल, आई, मी आधीच यायला हवं होतं.

आठवडा गेला. मुलगी जेवली, झोपली, केस धुतले, पण सहीचं नाव काढलं नाही.

त्या लवकरच्या मुदतीच्या दिवशी सकाळी नवरा ओट्याशी उभा राहून चहा गाळत होता.

"अगं, तिकडे थंडी फार असते म्हणतात. कोट घ्यावा लागेल पोरीला."

"तिकडे म्हणजे कुठे?"

"कुठे म्हणजे? त्या आवाजाच्या कॉलेजात. सही नाही का केली मी परवा."

बाईंनी हातातली बशी खाली ठेवली. "तुम्ही सही केलीत?"

"तूच करायला सांगितलीस ना?"

"मी कधी सांगितलं?"

"म्हणजे, तू सांगितलंस असं नाही." नवरा जरा विचारात पडला. "पण कॉलेजचा कागद आपल्या घरात तुझ्या नजरेखालून गेल्याशिवाय येईल कसा, असं मला वाटलं. लिफ्टचा कागद असता तर वाचला असता मी."

बाई शाळेत पोचल्या तेव्हा शेजारच्या दारापाशी रांग होती. पूर्वी कधी नाही ते त्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढचा मुलगा वळून म्हणाला, "मॅडम, तुम्ही जा ना पुढे," तर त्यांना ते अधिकच लागलं. पण वेळ नव्हता. त्या आत गेल्या. खुर्ची नव्हतीच, म्हणून उभ्याच राहिल्या.

"माझ्या मुलीचा अर्ज गेला का?"

"आता पाठवणारच होतो. मॅडम, खरं सांगतो, तुम्ही परवानगी दिलीत याचं मला फार बरं वाटलं."

"मी परवानगी दिलेली नाही."

त्याचा चेहरा पडला. "घरून सही आली. मला वाटलं, तुमच्या घरून आली म्हणजे तुम्ही पाहिलंच असणार. तुम्ही पाहिल्यावर मी काय वेगळं तपासणार?"

नवऱ्याला वाटलं बाईंनी पाहिलं, याला वाटलं बाईंनी पाहिलं, आणि मुलीनं दोघांना तसं वाटू दिलं. सबंध गावाच्या मुलांना वाट दाखवणाऱ्या बाईंच्या घरात, दिव्याखालचा अंधार तो हाच.

मुलीला वर्गातून बोलावलं. ती आली, आईला पाहिलं आणि दारातच थबकली. बाईंनी दोघांना शब्दाचा अर्थ समजावून सांगितला, रोज सांगतात तसाच, शांतपणे. दोन पगारांच्या घराचं काय होतं तेही सांगितलं. तो ऐकता ऐकता गादीवर खालीच बसला.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "मी आपल्याच वाटेवर नेत होतो तिला."

मुलगी त्याच्याकडे पाहत नव्हती. "आई, तुला हे कधीपासून माहीत होतं?"

शाळेत मुलीनं आपल्याला मॅडम म्हणायचं, असा बाईंचाच नियम होता. आज त्यांना त्याची आठवण झाली नाही.

"आठवड्यापासून. फळीतून ऐकू आलं."

"मग बोलली का नाहीस?"

खोट्याला जागा होती. शेजारी बसलेला माणूस तर विश्वासच ठेवणार होता.

"तू माझ्याकडे येशील म्हणून थांबले," बाई म्हणाल्या. "मला यांच्या आधी हवी होतीस तू."

त्यानं मान खाली घातली आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मुलीचे डोळे भरले, पण आवाज कडक राहिला. "मी आले असते तर तू आधी वजाबाकी मांडली असतीस. इतरांच्या मुलांना तू पहिल्यांदा विचारतेस, काय व्हायचंय तुला? मला कधी विचारलंस?"

हिशेबतपासनीस हा शब्द बाईंच्या जिभेवर आला होता, तो त्यांनी गिळला.

"शब्द मागे घेते मी," मुलगी म्हणाली. "नेहमीच्या मुदतीत करू अर्ज, तिथे आणि आणखी चार ठिकाणी. पैशाचं तू बघ. पण निबंध मी दादाकडेच लिहिणार."

"लिही," बाई म्हणाल्या. एवढा छोटा शब्द त्यांना कधी इतका जड गेला नव्हता.

त्यानंतरचे महिने वाटणीचे गेले. फळीच्या पलीकडे निबंध, अलीकडे पैसा. पलीकडे हसू, अलीकडे पगाराचे दाखले. मुलगी बाईंकडे येई, कामाचं बोले, नीट ऐके, आणि उठून पलीकडे जाई. मग थोड्या वेळानं हसण्याचा आवाज येई. आपण खाऊ घालायचं आणि तिनं ढेकर शेजारी द्यायची, असं त्यांना वाटे. हे वाटणं शहाण्या बाईला शोभत नाही, हेही त्यांना कळे. कळून फरक पडत नसे.

दूरच्या कॉलेजनं तिला घेतलं. मदत देऊ केली ती मात्र बाईंच्या अंदाजाइतकीच, आखडत्या हाताची. पण दुसऱ्या एका कॉलेजनं जास्त दिली होती. ती हातात धरून बाईंनी दूरच्या कॉलेजला फोन लावला. शेजारच्या खोलीतला तो दारात येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "ऐकू का? शिकायला."

बाईंनी मानेनंच हो म्हटलं. फोनवर त्या ना चढ्या बोलल्या ना दीनवाण्या. मुलीला यायची इच्छा आहे, दुसरीकडे एवढं मिळतंय, दुसऱ्या पगारातून आजोबांच्या औषधांचा खर्च जातो तो तुमच्या हिशेबात आलेला नाही, तर पुन्हा पाहाल का? फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "मी असतो तर माफी मागत बोललो असतो."

"मागायचंय ते मदत, माफी नाही," बाई म्हणाल्या. त्यांना त्या क्षणी तो जवळजवळ आवडला. मग त्याच्या हातातला निळा मग दिसला आणि तो क्षण गेला.

दोनेक आठवड्यांनी बाई एका मुलाच्या आईशी बोलून तिला निरोप देत होत्या. तेवढ्यात तो धावतच आला, तोंडभर हसत.

"मॅडम, अभिनंदन. वाढवली की हो त्यांनी मदत. कोट घ्या आता पोरीला."

बाईंना काहीच माहीत नव्हतं. उत्तर मुलीच्या फोनवर आलं होतं आणि मुलगी आधी पलीकडे गेली होती. इतके महिने त्यांनी जे आवरून धरलं होतं ते सगळं छातीत एकदम उसळलं. बाईंनी टेबलावरचं पेन उचललं, टोपण लावलं.

"हो," त्या म्हणाल्या. "कळलं मला मघाशीच."

"मला वाटलंच. तुम्हाला आधी सांगितलं असणार तिनं." तो खुशीत निघून गेला.

मधल्या सुट्टीची घंटा झाली तशी मुलगी दारात आली. गाल तापलेले, श्वास लागलेला. "आई, त्यांचं उत्तर आलं. जमतंय आपल्याला. जाऊ शकते मी."

बाई उठल्या. डोळे मोठे केले, हात गालाला लावला. "खरंच? कधी आलं?"

"आत्ताच. तुलाच पहिल्यांदा सांगतेय."

मुलीनं हे सरळ डोळ्यांत बघून सांगितलं. पापणीही लवली नाही. खोटं बोलताना ती लहानपणापासून अशीच बघते, हे मात्र फळीपलीकडच्या कुणालाही ठाऊक नव्हतं.

"ये इकडे," बाई म्हणाल्या, आणि तिला जवळ घेऊन पायानंच दार लोटून दिलं.