नारिंगी दोरीची बाज

नव्या हिंचक्याच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, वेष्टणाला बांधलेली नारिंगी प्लास्टिकची दोरी कापायला गेल्या आठवड्यात माझा हात धजला नाही. मी गाठी सोडवत बसले आणि बारडोलीजवळच्या मामांच्या शेतावरची कित्येक वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली.

पाठीच्या दुखण्यातून उठून मी तिथे विश्रांतीला गेले होते. पेंढ्याचे गठ्ठे सोडले की उरलेल्या नारिंगी दोऱ्या मामी जपून ठेवी. तुकड्यांनी टोमॅटोची रोपे बांधली जात, फाटक अडकवले जाई. लांब दोऱ्यांचे भेंडोळे मात्र तिने गोठ्यात वेगळे टांगले होते. त्या दुपारी तेच सोडून ती माझ्यासाठी बाज विणू लागली. दोऱ्यांना वाळल्या पेंढ्याचा गोडसर वास येत होता.

“गया का तुना हिंचका?” मामांनी तिला चिडवले.

“जाऊ द्या ना! पोरनी पाठले आराम पडी,” म्हणत मामी हसली.

मीही हसले, आणि त्या बाजेवर निर्धास्त झोपले. तिने हिंचक्यासाठी किती दिवस दोरी साठवली असेल, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. आता तो स्वस्थ बसू देत नाही.

रविवारी मामीला माझ्या उधन्याच्या घरी बोलावून मी आग्रहाने नव्या हिंचक्यावर बसवले. पहिल्याच झोक्याला तिने कडी घट्ट धरली.

“आते माले चक्कर येस, माय,” म्हणत ती उतरून सतरंजीवर बसली.

निघताना मात्र कोपऱ्यातली ती नारिंगी दोरी तिने नीट गुंडाळून पिशवीत टाकली.